वरची भिंत खाली कुठे गेली?

माझ्या धंद्यात गिऱ्हाईक आधी उत्तर ठरवतं आणि मग मला बोलावतं. मालक म्हणतो, "मॅडम, बिल्डिंग धोकादायक आहे असा रिपोर्ट पाहिजे." भाडेकरू म्हणतात, "मॅडम, बिल्डिंग ठणठणीत आहे असा रिपोर्ट पाहिजे." कित्येकदा दोन्ही फोन एकाच इमारतीतून आणि एकाच आठवड्यात येतात. उडप्याकडे बसून साधा डोसा की मसाला डोसा एवढंच सांगायचं बाकी असावं, तसा दोघांचाही सूर असतो. इमारत तपासल्यावर काहीतरी तिसरंच निघू शकतं, हे कुणाच्या गावीही नसतं.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथल्या जुन्या इमारती तपासण्यात माझं आयुष्य गेलं. गेल्या वर्षी परवान्याचं नूतनीकरण केलं नाही, म्हणजे कागदोपत्री निवृत्त झाले. आता कुणाची भीडभाड ठेवायचं कारण उरलेलं नाही, म्हणून हे लिहितेय. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी हातोडी घेऊन जिन्यात उभी राहिले की लोक विचारायचे, "साहेब कधी येणार?" मी म्हणायचे, "आलेत." मग ते माझ्या मागे बघायचे.

इमारत तपासायला गेलं की माणसं मला पहिल्यांदा गच्चीवर नेतात. गळती दाखवतात, छताचे पोपडे दाखवतात, टाकीखालचा ओलावा दाखवतात. मी म्हणते, नंतर. मी आधी पहिल्या मजल्यावर जाते. तिथल्या भिंती कुठून कुठे जातात ते बघते, एक कच्चा नकाशा काढते आणि तो घेऊन तळमजल्यावर उतरते. वर जी भिंत आहे ती खाली आहे का, एवढंच मला बघायचं असतं. नसली की विचारते, "वरची भिंत खाली कुठे गेली?" या एका प्रश्नाने माझी जितकी भांडणं झाली तितकी दुसऱ्या कशानेही झाली नसतील.

हे काय प्रकरण आहे ते सोप्यात सांगते. आपल्याकडच्या जुन्या इमारतींना कॉलम नसतात. विटांच्या जाड भिंतीच सगळा भार पेलतात. भार म्हणजे वजन, ते वरून खाली येतं, आणि तेवढंच लोकांना कळतं. भूकंप मात्र वरून दाबत नाही, आडवा ढकलतो. काडेपेटीतला आतला खण काढून घ्या आणि नुसत्या वेष्टणाला बाजूने बोट लावा. ते आडवं होऊन चपटं होतं. खण आत असताना तेच करून बघा. इमारतीतल्या आडव्या भिंती म्हणजे तो खण. तळमजल्यावरची अशी एक भिंत काढली आणि तिच्या जागी लोखंडी गर्डर टाकला, की वरचं वजन पेललं जातं, सगळे खूश होतात. पण तो गर्डर बाजूचा धक्का पेलत नाही. तो दोन टोकांवर नुसता बसलेला असतो.

आणि हे ऐकून मला काय ऐकवलं जातं? "मुंबईत भूकंप येत नाही हो." वर्सोव्याच्या एका गृहस्थांनी मला पटवून दिलं होतं की बाजूलाच समुद्र असल्यामुळे धक्का पाण्यात जिरून जातो. बोरिवलीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने चष्मा काढून शांतपणे विचारलं, "आमच्या हयातीतला धोका नाही ना हा?" मुंबई भूकंपाच्या नकाशात मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे, हे सरकारच सांगतं, मी नाही. वास्तुशास्त्रवाल्याने सांगितलं तर हीच माणसं स्वयंपाकघराची भिंत एका दिवसात पाडतात. मी सांगितलं की ही भिंत ठेवा, तर सेकंड ओपिनियन घेतात.

मुलुंडच्या एका इमारतीची गोष्ट सांगायला मी बसलेय. तिला गोमती निवास म्हणू. नाव बदललंय, गल्ली बदललीय, माणसांची नावंही बदलली आहेत. शोधायला जाऊ नका.

तळमजला आणि वर दोन मजले. विटा आणि चुन्याचं बांधकाम, लाकडी तुळया, जिन्याला गुळगुळीत झालेला कठडा. भाडेकरू सगळे पागडीवाले. बरेचसे कोकणातले, ज्यांचे बापजादे गिरण्यांत होते. काही घरं शाळामास्तरांची, कारकुनांची. मालकाने एका इंजिनिअरकडून इमारत अतिधोकादायक असल्याचा अहवाल घेतला होता, म्हणजे रिकामी करा आणि पाडा. भाडेकरूंनी त्याच्या विरोधात अहवाल द्यायला मला बोलावलं. बोलावणारी होती पहिल्या मजल्यावरची शरयू परब. चाळिशीची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, बोलणं तुटक आणि स्पष्ट.

"मॅडम, एकच सांगते," ती जिन्यातच म्हणाली. "माझे सासरे नाना, दोन वर्षं झाली, लकव्याने पडून आहेत. त्यांना खाली न्यायला चार माणसं लागतात. घर सोडून ट्रान्झिट कॅम्पात आम्ही जाऊ शकत नाही. बाकी तुम्ही काय ते बघा."

मी बघितलं. मालकाचा अहवाल वाचून तर माझं डोकंच फिरलं. गच्चीच्या गळतीचे फोटो, जिन्यातल्या एका पायरीचा फोटो, बाहेरच्या पाइपातून उगवलेल्या पिंपळाचा फोटो. त्या इंजिनिअरने एका भिंतीलाही हात लावलेला नव्हता. विटा उत्तम होत्या. चुना चावीने खरवडून पाहिला, तो अजून दगडासारखा होता. काही तुळयांची टोकं कुजली होती, पण ती बदलता येतात. इमारत पाडण्यासारखी मुळीच नव्हती. मी समाधानाने पहिल्या मजल्याचा कच्चा नकाशा काढला. नानांच्या खोलीत त्यांचा पलंग एका जाड आडव्या भिंतीला लावलेला होता. नाना त्या भिंतीला पाठ टेकून मला बघत होते. बोलणं थोडं जड झालं होतं, पण डोळे अगदी तल्लख.

मग मी खाली उतरले. तळमजल्यावर मंडळाचा हॉल होता, गोमती निवासच्या गणपतीचा. चांगला मोकळा आणि लांबरुंद. आणि नानांच्या पलंगामागची भिंत तिथे नव्हतीच.

हॉलच्या दोन्ही बाजूच्या भिंतींवर मी हातोडीने ठोकत गेले. एका उभ्या पट्ट्यात आवाज बदलला. समोरच्या भिंतीवरही नेमक्या त्याच जागी बदलला. आडवी भिंत जिथे जोडलेली होती तिथले गुंफलेल्या विटांचे तुटके दात प्लास्टरखाली झाकले होते. खाली बघितलं तर लाद्यांच्या मधून सिमेंटचा एक पट्टा हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला. नंतर कळलं की दरवर्षी बायका याच पट्ट्यावर रांगोळी काढतात, सरळ रेघ आयती मिळते म्हणून.

"वरची भिंत खाली कुठे गेली?" मी विचारलं.

उत्तर दिलं बंड्या सावंतने. हा मंडळाचा अध्यक्ष, पन्नाशी उलटलेला, पण अख्ख्या इमारतीला अजून बंड्याच. केबलचा धंदा, खिशात दोन फोन. "ती ना मॅडम, ती आम्ही रौप्यमहोत्सवाला काढली. पूर्वी इकडे वाचनालय होतं, पलीकडे व्यायामशाळा. मूर्ती मोठी आणायची होती, रांगेला जागाच नव्हती. एकदम झकास गर्डर टाकलाय, बघा की वर. इतकी वर्षं इंचभर हललाय का?"

"कोणाला विचारून काढली?"

"मंडळाची मीटिंग झाली ना. एकमताने ठराव झाला."

एकमताने. गणपतीला विचारलं असतं तर तोच नको म्हणाला असता. इतक्या वर्षांत मी भिंती गेलेल्या पाहिल्यात त्या दुकानांसाठी, दवाखान्यांसाठी, पार्किंगसाठी. त्यात निदान कुणाचा तरी स्वार्थ असतो. इथे सगळ्या इमारतीने मिळून, भक्तिभावाने, नारळ फोडून आपल्याच पायाखालची भिंत काढली होती. नारळ कोणी फोडला तेही कळलं. नाना परबांनी, ते तेव्हा अध्यक्ष होते.

मालकाच्या इंजिनिअरने मात्र या गेलेल्या भिंतीबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. इमारतीतला एकमेव खरा धोका त्याला दिसलाच नव्हता, कारण तो गच्चीवरून खाली उतरलाच नसावा. माणसाच्या जिवाचा निकाल हा माणूस पिंपळाच्या रोपावरून लावणार होता.

हॉलमध्ये सगळे भाडेकरू जमले. मी सांगितलं की मी असा अहवाल देईन: इमारत दुरुस्त करून राहण्याजोगी आहे, पण तळमजल्याची मधली भिंत परत बांधलीच पाहिजे. एकदम गलका झाला. शाळामास्तरांपैकी एक जण म्हणाले, भिंतीचा उल्लेखच कशाला, मालकाच्या हातात कोलीत मिळेल. बंड्या म्हणाला, "मॅडम, गणपती दीड महिन्यावर आलाय. मूर्ती बुक झालीय. हॉलचे दोन तुकडे केले तर मंडळाची वाट लागली समजा."

"भूकंप झाला तर काय लागेल?"

"अहो, कोयनेच्या वेळी पण ही बिल्डिंग हलली होती. नाना सांगतात ना, मांडणीवरची भांडी खाली आली. तडा तरी गेला का कुठे? नाही ना!"

"तेव्हा भिंत होती," मी म्हणाले.

  मागून कुणीतरी म्हणालं, "बाप्पा सांभाळतोय, मॅडम." मग मात्र माझा तोल गेला. मी नोकरीला नवीन असताना किल्लारीला पडझडीच्या पाहणीसाठी गेले होते. तिथला भूकंप अनंत चतुर्दशीच्या रात्री झाला होता. विसर्जन करून माणसं घरी आली होती आणि दमून झोपली होती. त्यांची भक्ती तुमच्यापेक्षा कमी होती का, असं मी त्या भरल्या हॉलमध्ये विचारलं. आवाज चढला होता माझा. मी खूप काही पाहिलंय तिथे, त्यातलं बाकीचं मी कुणाला सांगत नाही, इथेही सांगणार नाही. 

शरयू उठली. "त्या गर्डरच्या बरोबर वर आमचे नाना झोपतात," ती म्हणाली. "बाकी सगळे जिन्याने पळाल. नानांना कोण उचलणार? बंड्या, तू उचलशील?"

 बंड्या नानांच्याच मांडीवर खेळून मोठा झालेला. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "वर चला, नानांना विचारू."

आम्ही वर गेलो. नानांना बहुतेक सगळं ऐकू गेलं होतं, लाकडी तक्तपोशीतून खालचं बोलणं वर येतंच. ते हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तेवां नारळ मियाच फोडललंय. आता मियाच सांगतंय. बांधा ती भित."

मग आमची घासाघीस सुरू झाली. जायला-यायला दार हवं, हे मलाही मान्य होतं. बंड्या म्हणाला, "सहा फूट ठेवू." मी म्हणाले, तीन, आणि तेही भिंतीच्या मधोमध, टोकाला नाही. "पाच द्या ना, मॅडम." मी म्हणाले, ही काय कोलंबी आहे? शेवटी तीनवर आला. मूर्ती लहान करायची ठरली, वाचनालयाच्या खोलीत मावेल एवढी. मूर्तिकाराला फोन करताना बंड्याचा आवाज अगदी पडला होता. त्या वेळी मला त्याची दया आली, हेही लिहायला हवं. ज्या माणसाने आयुष्यभर मूर्ती दरवर्षी थोडी थोडी वाढवत नेली, त्याने ती लहान करणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणार नाही.

मी अहवाल दिला. गवंडी आला. जुना पाया लाद्यांखाली जसाच्या तसा होता, त्यावरच नवी भिंत उभी करायची होती. बाजूच्या भिंतींमधले जुने दात उघडे केले आणि त्यांत नव्या विटा गुंफत काम सुरू झालं. भिंत माझ्या खांद्यापर्यंत आली आणि एका सकाळी शरयूचा फोन आला. "मॅडम, काम बंद करायला सांगितलंय. नोटीस लावून गेलेत."

मालकाने माझाच अहवाल वाचून तक्रार केली होती. संबंधित कार्यालयातून एक साहेब आले होते. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, सगळीकडे हेच होतं. साहेब तरुण होते, दाढी नीट राखलेली, बोलणं मऊ. मी त्यांना जाऊन भेटले.

"मॅडम, इमारत धोकादायक यादीत आहे. तिथे कुठलंही नवीन बांधकाम म्हणजे अनधिकृत."

"ती नवीन नाही. तिथे होती. ती गेली म्हणून तर धोका आहे."

"जुन्या मंजूर नकाशात दाखवा."

मंजूर नकाशा मालकाकडे होता आणि मालक तो देणार नव्हता. मी विचारलं, भिंत पाडली तेव्हा नोटीस का आली नाही? ते म्हणाले, तेव्हा तक्रार नव्हती. मी म्हणाले, मग आता धोका कमी करायची परवानगी द्या. ते म्हणाले, आधी यादीतून नाव निघायला पाहिजे. मी विचारलं, यादीतून नाव कधी निघेल? धोका कमी झाला की, असं ते म्हणाले. आणि हे म्हणताना त्यांना हसूही आलं नाही.

मी तिथून तडक बाहेर पडले. या शहरात भिंत पाडायला कुणाची परवानगी लागत नाही. एक घण आणि एक सुट्टीचा दिवस पुरतो. बांधायला मात्र सगळ्या जगाने यायचं, नकाशे मागायचे, शिक्के मागायचे. एवढ्या वर्षांत पाडलेल्या भिंतीवर नोटीस लागलेली मी एकदाही पाहिली नाही. आणि इथे अर्ध्या भिंतीवर नोटीस चिकटवली होती. अर्धी भिंत भूकंपात काही कामाची नसते. वर नाना झोपलेले होते आणि खाली खांद्याएवढ्या विटांवर सरकारी कागद.

मी इमारतीत जाऊन सगळ्यांना हे सांगितलं. शरयूने नोटीस पुन्हा एकदा वाचली. बंड्या मात्र भिंतीभोवती दोनदा फिरला, मागे गेला, डोळे बारीक करून बघू लागला. मला वाटलं, आता म्हणेल की पाडून टाकू. तो म्हणाला, "मॅडम, यंदाच्या देखाव्याचं अजून ठरलं नाहीये."

"मग?"

"सह्याद्रीचा कडा करू. इथून इथपर्यंत. आणि त्यावरून धबधबा."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि मी त्या माणसाकडे बघतच राहिले.

बाहेरच्यांसाठी सांगते. गणपतीचा देखावा प्रतिष्ठापनेपर्यंत गुपित ठेवायचा असतो. कित्येक दिवस आधी हॉलला पडदे लागतात, आत कार्यकर्त्यांशिवाय कुणी जायचं नाही, शेजारच्या मंडळाच्या पोरांना तर मुळीच नाही. ठोकाठोकीचा आवाज आला, सामानाचा टेम्पो आला, तरी कुणी विचारत नाही. विचारलंच तर 'देखावा' एवढं एकच उत्तर. गोमती निवासने पडदे लावले. पडद्याआड बांबूचा सांगाडा उभा राहिला, त्यावर गोणपाट आणि कागदाचा लगदा चढला, त्याला काळाकभिन्न रंग दिला. आणि त्या कड्याच्या पाठीमागे गवंडी विटेवर वीट ठेवत गेला. मी रोज दर्शनाला आल्यासारखी येत होते, हातात पिशवी आणि पिशवीत ओळंबा. वर गर्डरखालची फट सिमेंट-वाळूच्या कोरड्या मसाल्याने खच्चून भरली, कारण तिथे पोकळी राहिली तर सगळं केलेलं फुकट.

नव्या भिंतीला पाणी मारावं लागतं, नाहीतर ती कच्ची राहते. इमारतीतल्या बायकांनी पाळ्या लावल्या. पाणी लाद्यांवरून वाहत दाराबाहेर यायचं. शेजारची पोरं विचारायची, "काकी, पाणी कसलं?" बायका सांगायच्या, "धबधबा टेस्ट करतायत रे."

प्रतिष्ठापना झाली. लहानशी मूर्ती कड्याच्या पायथ्याशी बसली. कोपऱ्यातल्या पंपाने पाणी खरंच खळखळत होतं, आणि लोक म्हणायला लागले की यंदा मंडळाने मूर्ती लहान केली पण काम काय केलंय.

तिसऱ्या दिवशी ते तरुण साहेब दर्शनाला आले. मंडळं सगळ्याच साहेबांना बोलावतात, तेही त्यातलेच. मी तेव्हा तिथेच बसले होते, आरतीचं ताट सावरत. शरयू माझ्या बाजूला होती, तिने माझा हात घट्ट धरला. साहेबांनी नमस्कार केला, कडा बघितला, मधली तीन फुटांची खिंड बघितली. मग पुढे होऊन कड्यावर तळहात ठेवला आणि थोडा दाबला. गोणपाटाचा कडा आत जायला हवा होता. तो गेला नाही. त्यांनी हात काढला, बोटांना लागलेला काळा रंग रुमालाला पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

"पाणी छान सोडलंय," ते म्हणाले. "प्रसाद कुठाय?"

बंड्याने दोन मोदक जास्त दिले. ते गेले.

सगळे नंतर म्हणत होते, देवमाणूस आहे. असेल. मला मात्र त्या क्षणी हायसं वाटलं तसाच संतापही आला, आणि तो अजून गेलेला नाही. त्याला कळत होतं. मग पहिल्या दिवशी टेबलापलीकडे बसून ते मला का ऐकवलं? माणसांचे जीव एखाद्याच्या मनात आलेल्या चांगुलपणावर का अवलंबून असावेत? त्याच्या जागी दुसरा आला असता, किंवा त्या दिवशी त्याचंच डोकं दुखत असतं, तर कडा फाडून बघितला असता आणि सगळं कायद्याने बरोबरच ठरलं असतं.

विसर्जनानंतर सांगाडा उतरला, गोणपाट गेला. भिंतीला प्लास्टर झालं, चुन्यात थोडी काव घालून ती जुनी दिसेल असा रंग दिला, आणि बंड्याने तिच्यावर रौप्यमहोत्सवाचा फोटो टांगला. त्यात नाना नारळ हातात घेऊन हसतायत. दुसऱ्या दिवशी मी नानांना भेटायला गेले. ते पलंगावर भिंतीला पाठ टेकून बसले होते. मी म्हणाले, "नाना, आता टेका खुशाल." त्यांनी चांगला हात उचलून मागच्या भिंतीवर दोनदा थापटलं. शरयू चहा आणायला आत गेली ती बराच वेळ आली नाही.

कागदावर ती भिंत नाही. गोमती निवास अजून यादीत आहे, मालकाचं आणि भाडेकरूंचं अजून चालू आहे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीट झालेलं काम मला कुणाला दाखवता येत नाही, माझं नाव त्यावर लावता येत नाही. चोरून करावं लागलेलं ते एकच बांधकाम, आणि ते जीव वाचवायला केलेलं.

परवा मी त्याच गल्लीतून चालले होते. गोमती निवासच्या समोरच्या इमारतीत तळमजल्यावर मिठाईचं नवीन दुकान उघडलंय. काचेचं दार, आत भरपूर मोकळी जागा, छताला रंगवून लपवलेला गर्डर. मी पहिल्या मजल्याकडे बघितलं. एका खिडकीत पाळणा टांगलेला दिसला, आणि आत एक बाई त्याला झोका देत होती.

मी दुकानात गेले. मालक उठून अदबीने म्हणाला, "या आंटी, काय देऊ?" मी विचारलं, वरची भिंत खाली कुठे गेली? तो हसला, त्याला वाटलं मी गंमत करतेय.

तिथून निघून मी शरयूकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, बंड्याला सांगू या का? काहीतरी करेल तो."

"काय करेल?" मी म्हणाले. "तिथे गणपती बसत नाही."